बेटाचा दिवस भरती ठरवते

भिलाईतल्या खुर्सीपारपासून मुंबईचा समुद्र रेल्वेने जवळजवळ अकराशे किलोमीटरवर आहे. भिलाईचे पोलाद मात्र त्या समुद्रावर केव्हाच पोहोचले आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झालेल्या आयएनएस विक्रांतसाठी सरकारी पोलाद कंपनी सेलने जे खास पोलाद पुरवले, ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला इथल्या कारखान्यांतून गेले. माणसांचा समुद्राशी संबंध त्या मानाने तोकडा. पुरीला पाय भिजवायचे, मुंबईला गेलो तर चौपाटीवर संध्याकाळ काढायची, फार तर घारापुरीची फेरी. आता मुंबई-गोव्याकडे चालकासह शिडाची बोट भाड्याने घेऊन दोन-तीन रात्री तिच्यावरच राहता येते, आणि चार-सहा जणांनी खर्च वाटून घेतला तर मध्यमवर्गीय कुटुंबालाही असा बेत अगदीच अशक्य नाही. असा बेत करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. त्यात सांगायचे आहे ते एकच: बोटीवर राहून बेट पाहायचे असेल, तर दिवस प्रेक्षणीय ठिकाणांच्या यादीवरून आखू नका, भरती-ओहोटीवरून आखा. काय पाहायचे हे त्यानंतर ठरते.

बोटीवर राहणारा आणि किनाऱ्यावरून येणारा यांच्या स्थितीत मूलभूत फरक आहे. किनाऱ्यावरचा पर्यटक तिकीट काढून फेरीबोटीत बसतो, बेट पाहतो आणि परत जातो. त्याचे घर जमिनीवर असते, जागचे हलत नाही. बोटीवर राहणाऱ्याचे घर, स्वयंपाक, कपडे, औषधे, पिण्याचे पाणी आणि परतीचे वाहन हे सगळे एका नांगराच्या भरवशावर पाण्यात उभे असते. तो बेटावर चढला तरी त्याचा निम्मा दिवस मागे बोटीवरच असतो. नांगर धरून आहे का, वारा फिरला का, पाणी किती उतरले, याची उत्तरे हाती असल्याशिवाय बेटावर निश्चिंत फिरता येत नाही. म्हणून अशा दिवसाची तयारी बोटीपासून सुरू करायची आणि बेटापाशी संपवायची. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

उदाहरणासाठी खांदेरी घेऊ. मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर खांदेरी आणि उंदेरी अशी दोन बेटे आहेत. शिवाजी महाराजांनी १६७९ साली खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला. पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरीवर आपले ठाणे उभारले. खांदेरीवर दोन टेकड्या आहेत. मधल्या सखल भागात धक्का आहे. १८६७ सालचे दीपगृह, कोळ्यांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे देऊळ, चाकांच्या गाड्यांवर बसवलेल्या तोफा आणि आघात केला की धातूसारखा आवाज देणारा एक खडक, एवढा ऐवज पायी दोन-तीन तासांत नीट पाहून होतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत खांदेरी आहे. थोडक्यात, पाहण्याजोगे भरपूर, अंतर थोडे आणि सोयी जवळजवळ शून्य. बोटीवर राहणाऱ्यांना वस्तुपाठ म्हणून याहून चांगले बेट शोधून सापडणार नाही.

आधी तिथी, मग तारीख

भिलाईत पाळीचे गणित कुणाला समजावावे लागत नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी यांवर घरातली जेवणे, मुलांच्या शाळा आणि लग्नाची निमंत्रणेसुद्धा बसवलेली असतात. समुद्राचीही अशीच पाळी आहे, फक्त ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पश्चिम किनाऱ्यावर चोवीस तास पन्नास मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाण्याचा चढउतार सर्वांत मोठा असतो, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला तो सर्वांत लहान, तो भांग. मुंबईकडे उधाणाला पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांतला फरक चार मीटरच्या घरात जातो, म्हणजे एका मजल्याहून अधिक. मालवण-गोव्याकडे तो याच्या निम्म्यावर येतो. मुंबईकडच्या खडकाळ बेटावर सकाळी ज्या पायरीला डिंगी, म्हणजे बोटीवरून किनाऱ्याला ये-जा करायची छोटी होडी, लागली, ती पायरी दुपारी डोक्याच्या वर असू शकते.

कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमाराला, पहाटे आणि दुपारी. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशेब तोच. रोजचे पन्नास मिनिटांचे सरकणे आणि पाऊण तास यांत फारसे अंतर नाही, म्हणून तो चालतो. तो ढोबळ आहे हे खरे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचा तक्ता काढतो आणि अखेरची वेळ त्या तक्त्यावरूनच घ्यायची. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी येते, तेव्हा ज्या बंदराजवळ आपण आहोत त्याचाच तक्ता पाहायचा. तरीही पाऊणपटीचा हिशेब तोंडपाठ असावा. कारण तक्ता नेमकी वेळ सांगतो, तर हा हिशेब दोन महिन्यांनंतरची कुठली तारीख आपल्या कामाची, हे घरबसल्या कॅलेंडरवर बोट ठेवून सांगतो.

भरतीसोबत वारा जोडला की चित्र पूर्ण होते. कोरड्या हंगामात कोकण किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो बहुधा सौम्य. सूर्य वर चढला की तो पडतो आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा उठतो. मार्च ते मे या महिन्यांत हा दुपारचा वारा चांगलाच जोर धरतो, समुद्र उसळतो आणि लहान डिंगीतून मोठ्या बोटीवर चढणे अवघड होते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, आणि त्यातही बेटावरचे काम दुपारी बाराच्या आत संपवलेले बरे. जून-जुलैचा प्रश्नच नाही. त्या काळात महाराष्ट्रात मासेमारीसुद्धा बंद असते आणि गेटवे-मांडवा प्रवासी वाहतूकही पावसाळ्यात थांबते.

आता दोन्ही गोष्टी एकत्र ठेवा. आपल्याला सकाळ हवी आहे आणि त्या सकाळी पाणी चढते हवे आहे. चढत्या पाण्यात डिंगी चुकून खडकात रुतली तरी अर्ध्या तासात पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात रुतलेली डिंगी मात्र पुढची भरती येईपर्यंत तिथेच अडकते. मग अष्टमीचा हिशेब करून पाहा. भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराला. म्हणजे पूर्ण सकाळ पाणी उतरते आणि ते चढू लागते तेव्हा वाराही उठलेला असतो. भांगामुळे चढउतार लहान असतो हाच काय तो दिलासा. उलट द्वादशीपासून पुढच्या पक्षाच्या प्रतिपदेपर्यंतच्या चार-पाच दिवसांत भरती सकाळी नऊ ते दुपारी पाऊण या पट्ट्यात पूर्ण होते. सकाळी आठच्या सुमाराला उतरायचे, भरती भरत असताना फिरायचे आणि पाणी भरपूर असतानाच परतायचे. या दिवसांचा तोटा म्हणजे उधाणामुळे प्रवाह जोरदार असतो. सहा तासांच्या भरतीत पाणी सारख्या गतीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक, असा नाविकांचा ठोकताळा आहे. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते आणि तेव्हाच ओढ सर्वांत जास्त. डिंगीची ये-जा हे दोन तास टाळून ठेवा. नेमका दिवस निवडायचा तर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी द्वादशी-त्रयोदशी घ्यावी: उधाण पुरते भरलेले नसते आणि सकाळही हाती लागते.

नांगर आणि बोटीवर मागे राहणारा माणूस

पोहोचण्याचा हिशेब सोपा आहे. मांडवा बंदरापासून खांदेरी सहा-सात सागरी मैल, पाच नॉटच्या चालीने दीड तासाचे अंतर. पहाटे सहाला निघालेली बोट साडेसातला बेटापाशी असते. पुढचा अर्धा तास नांगरासाठी राखून ठेवा. त्यात काटकसर करू नका. नांगर टाकताना दोन प्रश्न विचारायचे. आत्ताचे पाणी अजून किती उतरणार आहे? आणि किती चढणार आहे? समजा भरतीच्या वेळी सहा मीटर पाण्यात नांगर टाकला, बोटीचा तळ दोन मीटर खोल आहे आणि पाणी चार मीटर उतरणार आहे. ओहोटीला तळाखाली काहीच उरत नाही, बोट टेकते. उलट ओहोटीला चार मीटर पाण्यात नांगर टाकला आणि बोटीची नाळ पाण्यापासून एक मीटर वर असली, तर पाचपट दोराच्या नियमाने पंचवीस मीटर दोर पुरेसा वाटतो. पण भरतीला पाणी आठ मीटर होते, नाळ धरून नऊ, आणि मग पंचेचाळीस मीटर लागतो. कमी दोराने नांगर सरळ वर ओढला जातो आणि सुटतो. म्हणून दोर नेहमी भरतीच्या खोलीवर मोजायचा आणि तळाखालचे पाणी नेहमी ओहोटीच्या खोलीवर. सोबत साखळी असेल तर बरे, सगळा दोरच असेल तर पाचऐवजी सातपट धरा. गाळ आणि वाळू नांगर चांगला धरतात, खडकावर तो एक तर धरत नाही किंवा असा अडकतो की निघत नाही.

नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन स्थिर खुणा एका रेषेत धरून ठेवा, उदाहरणार्थ दीपगृह आणि तटाचा कोपरा. थोड्या वेळाने त्या एकमेकींपासून सरकलेल्या दिसल्या, तर बोट ओढली जात आहे असे समजा. भरती बदलली की बोट नांगराभोवती फिरते आणि खुणा थोड्या हलतात, तेव्हा घाबरायचे कारण नाही, पण पुन्हा तपासायचे. हे तपासायला बोटीवर कुणीतरी असलेच पाहिजे, आणि बोटीचे इंजिन चालू करता येईल असेच ते माणूस असले पाहिजे. सगळ्यांना एकदम बेट पाहायचे असते आणि इथेच बेत बिघडतात. बोटीवर चालक एकटाच असेल तर तो बोटीवर थांबेल आणि डिंगी तुमच्यापैकी कुणाला तरी चालवावी लागेल. दोन माणसे असतील तर एक बोटीवर, एक डिंगीवर. बोट भाड्याने घेतानाच हे विचारून घ्या. त्याच वेळी बोटीची नोंदणी, प्रवासी नेण्याचा परवाना, प्रत्येकाच्या मापाचे लाइफ जॅकेट आणि चालू स्थितीतला व्हीएचएफ रेडिओ हेही पाहून घ्या.

लाइफ जॅकेट डिंगीत उतरताना घालायचे आणि बेटावर पाय ठेवल्यावरच काढायचे. ‘समुद्र शांत आहे’ ही सबब चालत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी, हवामान चांगले असताना, गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि १५ जणांचा जीव गेला. पाण्यावर संकट लाटांतूनच येते असे नाही. समुद्रावरच्या शोध आणि बचावासाठी तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे आणि रेडिओवर संकटाची हाक १६ क्रमांकाच्या वाहिनीवर देतात. या दोन संख्या लहान मुलांनाही पाठ असाव्यात. किनाऱ्यावर कुणाला तरी, मग ते खुर्सीपारमधले शेजारी का असेनात, आपण कुठे आहोत आणि किती वाजता फोन करू हे सांगून ठेवा. ठरल्या वेळी फोन आला नाही तर काय करायचे हेही सांगा.

बेटावरचे तीन तास

एवढी तयारी झाली की बेटावरचा वेळ मोकळा असतो. दोन-तीन तासांत काय पाहायचे हे आता ठरवता येते आणि ते दुरून जवळ अशा क्रमाने ठरवावे: आधी तटाच्या कडेने फेरी, मग दीपगृहाकडची चढण, शेवटी धक्क्याजवळचे देऊळ. म्हणजे शेवटचा अर्धा तास डिंगीच्या जवळ जातो. वेताळाच्या देवळात कोळी बांधवांच्या रीतीने वागा. बोट चालवणारा तांडेल जे करतो ते करा. आवाज देणाऱ्या खडकावर प्रत्येकाने दगड हाणून पाहण्याची गरज नाही. गटातल्या एकाने एकदा हलका आघात केला की सर्वांना ऐकू जातो, आणि दगडावरचे घाव वाढत नाहीत. बेटावर उतरण्याच्या परवानगीबद्दल आणि दीपगृहाच्या आवारात जाण्याबद्दल निघण्यापूर्वी थळ किंवा अलिबागला चौकशी करून घ्या.

बेटावर पिण्याच्या पाण्याच्या भरवशावर राहू नका. माणशी दीड-दोन लिटर सोबत न्या. बोटीवर राहायच्या प्रत्येक दिवसासाठी पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी चार लिटर धरा आणि त्यावर एका दिवसाचा राखीव साठा ठेवा. आंघोळीचे पाणी वेगळे मोजा, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी टाकी रिकामी होते. खाण्यात आपल्याकडची एक गोष्ट फार उपयोगी आहे: खुरमी. चार दिवस टिकते, हातात धरून खाता येते आणि भांडे लागत नाही. ठेठरीही टिकते, पण खारट असल्याने तहान वाढवते. दशम्या आणि चटणी सोबत असली की बेटावर चूल पेटवायचा मोह होत नाही. पायांत पट्ट्याचे, रबरी तळव्याचे बूट हवेत. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चपला म्हणजे घसरण्याची हमी. बोट लागण्याची शक्यता असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्या, कारण उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. प्लास्टिकचा कचरा समुद्रात टाकायला आंतरराष्ट्रीय करारानेच बंदी आहे. तो पिशवीत भरून परत आणा.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सहज सुचतो: इतके लांब यायचे आणि एकच बेट पाहायचे? उंदेरी समोरच दिसते, एका सकाळी दोन्ही का नकोत? उत्तर उंदेरीच्या किनाऱ्यात आहे. तिथे खांदेरीसारखा धक्का नाही, खडकांतून उतरावे लागते आणि त्यासाठी भरतीची तीच वेळ लागते जी खांदेरीलाही लागते. एका भरतीवर एकच बेट बसते. दोन बेटे हवी असतील तर दोन सकाळी द्या. बोटीवर राहण्याचा खरा फायदा हाच आहे: परतीच्या फेरीची घाई नसते, दुसरी सकाळही त्याच पाण्यावर उजाडते. कॅप्टन दिलीप दोंदे गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीवरून ऑगस्ट २००९ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. नऊ महिन्यांच्या त्या प्रवासात मुक्काम चारच ठिकाणी झाले: फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन. प्रत्येक ठिकाणी थांबण्याचे कारण बोटीची आणि माणसाची तयारी हेच होते. दोन दिवसांच्या सहलीला तो मापदंड लावायचा नसतो, पण तत्त्व तेच आहे.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे बोटीच्या चालकाचे काम आहे. आपण प्रवासी. विमानात बसताना आपण वैमानिकाला वाऱ्याबद्दल विचारतो का? विचारत नाही, कारण विमान प्रवाशाच्या आग्रहाखातर उशिरा निघत नाही. भाड्याची बोट निघते. ‘अजून अर्धा तास थांबू’, ‘तेवढा एक फोटो’, ‘जेवून निघू’ हे आग्रह पैसे देणारा गट करतो आणि चालकाला नको म्हणणे जड जाते. ज्याला भरतीचा हिशेब ठाऊक आहे तो आग्रह करत नाही. प्रवाशांनी शिकायचे ते बोट चालवायला नव्हे, चालकाचे म्हणणे ऐकायला.

तिसरा आक्षेप आधुनिक आहे: मोबाइलवर भरतीची वेळ, वाऱ्याचा वेग, नकाशा सगळे मिळते, इंजिन आहेच, मग तिथीचे गणित कशाला? हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचे समुद्राच्या स्थितीचे अंदाज रोज मिळतात आणि ते जरूर पाहावेत. पण नुसत्या ताकदीच्या जोरावर स्थानिक पाण्याला हरवता येत नाही, हे खांदेरीनेच १६७९ साली दाखवले आहे. इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. त्यांची जहाजे मोठी, तोफा भारी. मराठ्यांच्या लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या, उथळ तळाच्या होड्या मात्र वारा पडलेला असताना आणि रात्रीच्या अंधारात थळ-नागाव किनाऱ्यावरून रसद घेऊन बेटावर पोहोचत राहिल्या. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात समोरासमोर लढाईही झाली आणि इंग्रजांचे एक जहाज मराठ्यांच्या हाती लागले. शेवटी इंग्रजांनी माघार घेतली, बांधकाम पूर्ण झाले. वारा आणि पाणी कुणाच्या बाजूने कधी असेल हे ज्यांना माहीत होते, ते टिकले. मोबाइल ही माहिती देतो, पण ती कशासाठी वापरायची हे आधी डोक्यात असावे लागते.

चौथा आक्षेप खर्चाचा आहे आणि तो रास्त आहे. शिडाच्या बोटीवरचा मुक्काम स्वस्त नाही. ज्यांना तो परवडत नाही त्यांनी अलिबाग किंवा थळला राहून स्थानिक मच्छीमारांची होडी ठरवावी. झोप जमिनीवर होईल एवढाच फरक. तिथी, वारा, चढत्या पाण्यात उतरणे, होडीजवळ माणूस ठेवणे यांतले काहीही बदलत नाही. उलट रोज त्याच पाण्यावर असणारा तांडेल मिळतो, जो अनेक महागड्या बोटींवर नसतो. मालवणला सिंधुदुर्ग पाहायचा असेल तरी हेच. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर उभ्या राहिलेल्या त्या किल्ल्याभोवती पाण्याखाली खडकांची रांगच आहे आणि तेच त्याचे पहिले संरक्षण होते. स्थानिक वाटाड्याशिवाय आपली बोट तिथे नेऊ नये. शिवाय तो परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे प्रवाळ आहेत. नांगर प्रवाळावर पडू देऊ नका. अंदमान-लक्षद्वीपला जाणाऱ्यांना मुंबईपेक्षा भरतीचा चढउतार बराच कमी मिळेल, पण परवानग्यांचे नियम कडक आहेत. लक्षद्वीपला भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो, अंदमानात आदिवासी राखीव क्षेत्राकडे बोट वळवायची नसते आणि खाडीत पोहण्याआधी मगरींबद्दल विचारायचे असते.

घरून निघण्यापूर्वी

समुद्र नसलेल्या गावात तयारी करता येत नाही हा समज चुकीचा आहे. अपघाताची नेहमीची जागा म्हणजे डिंगीतून बोटीत आणि बोटीतून डिंगीत चढणे-उतरणे, आणि त्याचा सराव गोड्या पाण्यातही होतो. धमतरीजवळच्या गंगरेल धरणावर नौकाविहार आहे. तिथे कुटुंबाने लाइफ जॅकेट घालून एकदा तरी हलत्या होडीत चढून-उतरून पाहावे. दोन्ही हात मोकळे ठेवणे, होडीच्या मध्यावर पाय टाकणे, एका वेळी एकानेच हलणे, या तीन सवयी लागल्या तरी पुरे. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेटसह पाण्यात पडून तरंगत राहण्याचा सराव करावा. समुद्रात पडल्यावर सर्वांत आधी घाबरून धडपड होते आणि तीच घात करते. ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे.

प्रवासाचा हिशेबही भरतीनेच करावा. दुर्गहून गीतांजली किंवा मुंबई मेल पकडली की मुंबईला पोहोचेपर्यंत एक रात्र गाडीत जाते. गाडीतून उतरून थेट बोटीवर जाऊ नका. एक रात्र जमिनीवर झोपा. दुसऱ्या दिवशी बोट ताब्यात घ्या, बंदराच्या आतच नांगर टाकून पहिली रात्र काढा. त्या रात्री कुणाला बोट लागते, कुणाला झोप येत नाही, शौचालयाचा पंप कसा चालतो, हे सगळे सुरक्षित पाण्यात कळते. तिसऱ्या सकाळी बेट, चौथी सकाळ राखीव. वारा जास्त निघाला तर बेट चौथ्या सकाळी, नाहीतर दुसऱ्यांदा किंवा उंदेरीसाठी. राखीव सकाळ नसलेला बेत हा बेत नसून पैज असते, कारण रद्द करण्याची मुभाच त्यात उरत नाही. गटात आधीच ठरवून टाका की ‘आज नको’ म्हणायचा अधिकार चालकाला आहे आणि त्यावर चर्चा होणार नाही.

म्हणून कामाचा क्रम असा: पाहण्याच्या ठिकाणांची यादी नंतर, गाडीचे तिकीटही आधी नाही. सर्वांत आधी भिंतीवरचे कॅलेंडर काढा, नोव्हेंबर ते फेब्रुवारीतल्या द्वादशी-त्रयोदशीवर खूण करा, त्यामागे दोन आणि पुढे तीन दिवस मोजा, आणि मगच रजेचा अर्ज भरा.